डाव्या बाहीचा मास्तर

सोळा वर्षं त्यानं डावी बाही लावली. नुसती डावी. उजव्या बाहीशी त्याचा संबंध आला तो फक्त स्वतःचा शर्ट अंगात घालताना. ऐकून कुणाला हसू येत असेल तर येऊ दे बापडं, पण मोठ्या कारखान्यात शर्ट असाच तयार होतो. एकजण कॉलर करतो, एकजण खिसा, एकजण जन्मभर कफच करतो, आणि लाइनच्या शेवटाकडे समोरासमोर दोन मशीनं असतात. एकावर डावी बाही, दुसऱ्यावर उजवी. दिवसाला सहाशे मुंढे त्याच्या हाताखालून जायचे. बाही जिथं खांद्याला जोडतात त्या गोल खाचेला शिंपी लोक मुंढा म्हणतात. सहाशे मुंढे, आणि एकालाही चुणी नाही.

लाइनवर त्याला सगळे 'डाव्या' म्हणत आणि समोरच्याला 'उजव्या'. "आपण दोघं मिळून एक धड शिंपी होतो बघ," असं उजव्या म्हणायचा. सुपरवायझरची पाठ वळली की दोघं खिदळायचे.

घरी मात्र तो मास्तर होता. ह्या मास्तरकीचं मूळ एका फोनमध्ये होतं. पहिल्याच वर्षी बापानं विचारलं, "तिथं नेमकं करतोस काय रे?" आणि हा म्हणाला, "शर्ट शिवतो, बाबा." ते खोटं नव्हतं, आणि धड खरंही नव्हतं. बाप सुतार. सगळा बाजार त्याला मिस्त्री म्हणे. तो दार करायचा म्हणजे लाकूड निवडण्यापासून बिजागरीत दार अडकवेपर्यंत सगळं स्वतः करायचा, शेवटी दार उघडून-झाकून कुरकुरत नाही ना ते ऐकायचा. शर्ट शिवतो म्हटल्यावर त्याच्या डोक्यात आख्खा शर्टच येणार, दुसरं काय! त्यानं बाजारभर सांगितलं, पोरगा शर्ट शिवतो. पुढं सांगता सांगता पोरगा मास्तर झाला आणि सून मास्तरीणबाई. सुट्टीला येताना तो कारखान्यातला डागी माल बापाला आणायचा. बाप शर्ट उलटसुलट करून बघायचा आणि विचारायचा, "हा तू शिवलास?"

"हो, बाबा."

एका बाहीपुरतं तरी खरं असेल, अशी मनाची समजूत घालून तो पुढचं जेवायचा.

मग कारखान्याला उतरती कळा लागली. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग शनिवार गेले. मग लाइनच्या एका टोकाची मशीनं झाकली गेली. कुठं लांबच्या देशात लोकांनी शर्ट घेणं कमी केलंय, असं सुपरवायझर सांगायचा. लोक काय उघडे हिंडतायत की काय, असं उजव्या विचारायचा, पण आता कुणी हसत नव्हतं. एका सोमवारी सकाळी फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी कागद. ते राहायचे ती आठजणांची खोली चार दिवसांत रिकामी झाली. उजव्या एका नातेवाइकाच्या ओळखीनं कुठल्या तरी गोदामात पोती उचलायला गेला. हा दोन दिवसांचा प्रवास करून, बॅग खांद्याला लावून, घरी.

घरी बापानं काय करून ठेवलं होतं, माहितीये? पोरगा येणार कळल्याबरोबर कुणाचं तरी मोडकं पायमशीन विकत घेतलं होतं. त्याचा कुजका पाट काढून, किती वर्षं माळ्यावर जपून ठेवलेली फळी रंध्यानं रंधून, घासून, तिचा नवा पाट केला होता. कडा इतक्या गुळगुळीत की कापडाचा धागा अडकू नये. खोलीत खिडकीशी, उजेडाच्या जागी, मशीन मांडलं होतं.

"बैस की," बाप म्हणाला.

तो बसला. पाटावरून हात फिरवला. पाय मात्र मशीनला लावला नाही.

पहिला आठवडा त्यानं थापांवर काढला. शेजारीण कापड घेऊन आली, तर म्हणे सुई बारीक हवी. मेहुणा आला, तर म्हणे पट्टा सैल आहे. मशीनला इतक्या खोडी एका आठवड्यात कधी निघाल्या नसतील. बाप मुकाट्यानं सुई आणायचा, पट्टा आवळून द्यायचा, आणि संध्याकाळी येऊन मशीनवर काही आहे का ते बघायचा.

मग एक दिवस बाप बाजारातून घाईघाईनं आला. बाजारात एकच जुनं शिंप्याचं दुकान उरलं होतं. तिथल्या टेलरमास्तरला दवाखान्यातल्या कामगारांच्या कपड्यांचं काम मिळालं होतं. त्याच्या जुन्या कारागिराची नजर गेली होती आणि त्याला एक माणूस हवा होता.

"मी शब्द टाकलाय," बाप म्हणाला. "त्याची एकच अट. स्वतःच्या हातानं शिवलेला एक शर्ट घेऊन या म्हणाला. मी म्हटलं, हातात कशाला, अंगातच घालून येतो." आणि पिशवीतून कापड काढलं. निळं, एका बाजूनं तुकतुकीत, एका बाजूनं मंद. "माझ्याच मापाचा शीव. परवा सकाळी जायचंय."

बाप इतका खूश होता की नाही म्हणायला पोराची जीभ रेटेना.

दुपारी बाप कामावर गेल्यावर तो बायकोजवळ गेला. ती भांडी पुसत होती.

"मला शर्ट येत नाही," तो म्हणाला.

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे डावी बाही येते."

तिला वाटलं थट्टा आहे. ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. त्यानं सगळं सांगितलं, लाइन, कापलेल्या बाह्यांची बंडलं, उजव्या, सगळं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"सोळा वर्षं," ती म्हणाली. "सोळा वर्षं मी इथं मास्तरीणबाई म्हणून मिरवले. लोकांना सांगितलं, ह्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. मला तरी सांगायचंत."

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटतीये."

तिनं पातेलं पुन्हा उचलून जोरजोरात पुसायला घेतलं. रागावली होती, आणि तिचा राग रास्त होता. मग म्हणाली, "बाबांना सांगून टाका."

"त्यांनी माझ्यासाठी पाट रंधलाय गं."

ती आत गेली आणि बापाचा एक जुना शर्ट घेऊन आली. "हा उसवा. जसा उसवेल तसा उलट शिवत जा. स्वयंपाक का कुणी शिकवतं? बघून बघूनच येतं."

ती बाई कारखान्यात असती तर सुपरवायझर झाली असती, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी बाप कामावर गेला तसा तो मशीनला बसला. जुना शर्ट त्यानं डाव्या बाजूनं उसवला. पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर, डावी बाही. तुकडे कापडावर ठेवून खडूनं आखले आणि देवाचं नाव घेऊन कात्री चालवली. कॉलर दोनदा उसवली. खिसा जरा तिरका बसला. पण दुपारपर्यंत शर्टाचं धड उभं राहिलं, आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं, जमतंय की!

बाह्यांची वेळ आली. डाव्या बाहीचा नमुना समोर होताच. कापडाची तुकतुकीत बाजू वर ठेवून त्यानं एक बाही कापली, आणि तशीच पुन्हा ठेवून दुसरी. मनगटापाशी बटणासाठी जी चीर असते, तीही दोन्हींना सारखी करून घेतली. इथं कुठल्याही साध्या शिंप्याचा हात आपोआप थांबला असता. तो कापडाला घडी घालतो, मग एक डावी निघते आणि एक उजवी. पण ह्याच्या हाताला सोळा वर्षं बाही म्हणजे एकच माहीत होती. बंडलातली वरची असो की खालची, सगळ्या डाव्या. हाताला शंका आलीच नाही.

डावी लावायला घेतली आणि काय सांगू, माणूसच बदलला. टीप पाण्यासारखी धावली. गेले कितीतरी दिवस छातीवर दगड होता, तो तेवढ्यापुरता उतरला. बायको दारात उभी राहून बघत होती. नवऱ्याला काम करताना तिनं आयुष्यात प्रथमच पाहिलं. "अगंबाई," ती हळूच म्हणाली.

उजवी मात्र बसेना. इकडं ओढली की तिकडं सैल, तिकडं जुळवली की इकडं ताण. त्याला वाटलं, हाताला सवय नाही म्हणून असेल. त्यानं उजव्याला फोन लावला. मागं कुणी तरी पोती मोजत ओरडत होतं.

"उजवी कशी लावायची रे?"

"तोंडानं कशी सांगू?" उजव्या म्हणाला. "मला तरी कुठं माहितीये. हाताला माहीत होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "डाव्या, इथं पाठ गेली माझी. एखाद्या दिवशी मशीनचा आवाज तरी ऐकव." तेवढ्यात कुणी त्याला शिवी देऊन हाक मारली आणि फोन बंद झाला.

त्यानं उजवी बाही दाबून, चेपून, कशीबशी बसवली. काज-बटणं बायकोनं केली.

सकाळी इस्त्री फिरवताना त्याच्या लक्षात आलं. डाव्या बाहीची चीर मागं, करंगळीकडे होती, जशी असते तशी. उजवीची पुढं, पोटाकडे. दोन्ही बाह्या डाव्या होत्या. कापड उरलं नव्हतं. आणि बाप आंघोळ करून, केस विंचरून, बनियनवर समोर उभा होता.

"बाबा, उद्या जाऊ."

"का?"

"जरा सफाई राहिलीये."

"सफाई मास्तर बघेल. आण इकडं." बापानं शर्ट घेतला. डावा हात सरकन गेला. उजवा घातला, वरचं बटण लावायला पुढं आणला, आणि हात अडला. पाठीवर कापड ताणलं गेलं. बाप क्षणभर तसाच उभा राहिला. त्यानं उजव्या मनगटाकडे पाहिलं, डाव्या मनगटाकडे पाहिलं. मग डाव्याच हातानं बटणं लावली आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

"उकडतंय आज," तो म्हणाला. "चल."

उकडत नव्हतं. पण पोरगा मागोमाग निघाला. काय करणार! वाटभर त्याच्या डोक्यात एकच, मास्तरच्या लक्षात न येवो.

दुकानात सहा मशीनं होती आणि त्यातली तीन झाकलेली. कोपऱ्यात तयार कपड्यांचा ढीग पडला होता, लोकांनी आखूड-ढिले करायला टाकलेला. बाकावर किराणा दुकानदार पँटची वाट बघत बसला होता. मधोमध कापायचं जुनं टेबल, फळ्या फुगून वर आलेल्या. त्याच्या जागी नवं टेबल करायचं काम बापालाच सांगितलेलं होतं, लाकूडही येऊन भिंतीला टेकलं होतं.

टेलरमास्तर उठला, चष्मा चढवला. "या मिस्त्री, वळा बघू."

बाप वळला. मास्तरनं कॉलरला हात लावून नाक मुरडलं. तिरका खिसा बोटानं सरळ करून बघितला. मग त्याचं बोट डाव्या खांद्यावर आलं आणि तिथंच थांबलं. पुढून मागं, मागून पुढं, दोनदा फिरलं.

"ही कुणी लावली?"

"मीच," पोरगा म्हणाला.

"सुरेख." मास्तर खरंच खूश झाला होता. "आता दोन्ही हात वर करा, मिस्त्री."

बापानं डावा हात वर केला. उजवा अंगाला चिकटलेला.

"उजवा?"

"उजवा वर होत नाही हल्ली," बाप म्हणाला. "खांदा धरलाय."

"कधीपासून?"

"झाले दोनतीन महिने."

मास्तरनं चष्मा काढला. "अहो, मग बोलायचं नाही का! मी टेबल सांगून बसलोय तुम्हाला. एवढ्या फळ्यांना रंधा मारायचा म्हणजे खेळ आहे? नको, मिस्त्री. ह्या वयात उगीच हाल नकोत. मी दुसऱ्या कुणाला सांगतो."

बाकावरचा दुकानदारही सावरून बसला. "म्हणजे माझ्या दुकानातली मांडणी करायला दिलीये, तीही राहू द्या मग. घाई नाही म्हणा, पण बघतो मी दुसरं कुणी."

ज्या माणसानं आयुष्यात हातातलं काम सोडलं नव्हतं, तापातही करवत खाली ठेवली नव्हती, तो मान हलवून म्हणाला, "हो. बघा दुसरं कुणी."

उजवा हात तसाच खाली. पोरानं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाप कुठंच बघत नव्हता. संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार, मिस्त्रीचा खांदा गेला. उद्यापासून दारं, खिडक्या, खाटा, सगळं दुसऱ्याकडे. आणि हे बापाला आपल्याहून चांगलं ठाऊक आहे, हे त्याला कळलं तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली.

"बाबांचा खांदा धडधाकट आहे," तो म्हणाला.

"तू गप बस," बाप म्हणाला.

"नाही बसत. मास्तर, बाही डावी आहे. दोन्ही डाव्या आहेत. हात वर केला की अडतो, म्हणून ते करत नाहीत. मला शर्ट शिवता येत नाही. सोळा वर्षं मी फक्त डावी बाही लावली. घरी सगळ्यांना खोटं सांगितलं."

दुकानदार फिसकन हसला आणि कुणीच हसत नाही बघून खोकल्यासारखं करून गप्प झाला.

मास्तरनं बापाची दुमडलेली बाही सोडली, चीर बघितली, परत दुमडून ठेवली. मग कोपऱ्यातल्या ढिगातून एक तयार शर्ट ओढला आणि त्याचा डावा खांदा बोटात धरला.

"ह्या असल्या शर्टांनी माझी तीन मशीनं झाकली," तो म्हणाला. "लोक शिवून घ्यायचेच बंद झाले. रोज शिव्या घालायचो, कोण लेकाचे हे शिवतात म्हणून." त्यानं पोराला आपादमस्तक न्याहाळलं. "तर ते तू."

"मी आणि आणखी चाळीसजण."

"आणि आता तुम्हीही घरी."

"हो."

मास्तर खाली बसला. रागावलेला दिसत नव्हता, दमलेला दिसत होता. "मला आख्खा शर्ट शिवणारा माणूस हवाय, बाबा. तुला ठेवू कसा?"

पोरानं मान हलवली. तो दाराकडे वळला. तेवढ्यात बाप पुढं आला.

"ते राहिलं. पण टेबल माझ्याकडून काढू नका, मास्तर," तो म्हणाला. "हे बघा." आणि त्यानं दोन्ही हात सरळ आढ्याकडे उचलले.

फर्रकन आवाज झाला. उजवा मुंढा मागच्या अंगानं पार काखेपर्यंत उसवला, बाही लोंबायला लागली. बापानं हात खाली घेतले नाहीत. डावी बाही जागची हलली नव्हती.

मास्तर त्या दोन खांद्यांकडे बघत राहिला.

"टेबल तुमचंच," तो शेवटी म्हणाला. "हात खाली घ्या आता." मग पोराकडे वळला. "शिकायला येशील? पोरंटोरं बसतात त्या स्टुलावर बसावं लागेल. काज-बटणापासून. मास्तर म्हणून तुला इथं कुणी हाक मारणार नाही."

"नकोच," पोरगा म्हणाला. "येतो."

"उद्या नऊला. आणि येताना तो शर्ट आण. उजवी तुझ्याकडूनच लावून घेणार आहे."

दोघं रस्त्यावर आले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"घालतानाच. दोन डावे हात असते तर फक्कड बसला असता." बाप गालात हसला, मग गंभीर झाला. "सोळा वर्षं तीच एक बाही. दिवसभर."

"हो."

"कंटाळा नाही आला?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "खूप आला, बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला.

बापानं त्याच्याकडे बघितलं नाही. कदाचित त्याला सोपं जावं म्हणून नसेल बघितलं. समोरून भाजीवाला येत होता. बापानं उजवा हात उंच करून त्याला खणखणीत हाक मारली. मग कुलपं दुरुस्त करणाऱ्याला. मग रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला, ज्याच्याशी त्याचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. न्हावी गोंधळून दारात आला आणि त्यानंही हात वर केला. प्रत्येक हाकेला फाटकी बाही वाऱ्यावर उडायची आणि आतली बनियन दिसायची. बाप तसाच, आख्ख्या बाजारातून, हात उंचावत घरी निघाला होता. पोरगा एक पाऊल मागून चालत होता. प्रत्येक वेळी हात वर गेला की उजवी नेमकी कुठं अडली होती, ते तो बघून घेत होता.